प्रॉक्सीला कूपन नाही

"प्रॉक्सीला कूपन नाही," टेबलामागची बाई म्हणाली. "अल्पोपहार फक्त भागधारकांना."

भालचंद्र हसला. "राहू दे हो बाई. नाहीतरी डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय." पांढरं प्रवेशपत्र घेऊन तो बाजूला झाला. बाईंनी माझी सही घेतली आणि माझ्या हातात एक गुलाबी कूपन ठेवलं. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचं, वर कंपनीचा शिक्का.

"हरवू नका. दुसरं मिळणार नाही," त्या म्हणाल्या.

कुणाला सांगितलं तर हसतील, पण ते कूपन हातात आलं आणि मला बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं. मला मिळालं आणि भालचंद्रला मिळालं नाही, अशी वस्तू त्या दिवसापर्यंत मी पाहिली नव्हती.

"अर्धा वडा देईन तुला," मी म्हणालो.

"कबूल केलंत बरं का, मधुराव," तो म्हणाला.

भालचंद्र माझा साडू. माझी बायको सुलभा थोरली आणि त्याची वैजू धाकटी. नात्यानं आणि वयानं मी मोठा, म्हणून मी त्याला अरेतुरे करायचो आणि तो मला मधुराव म्हणायचा. पण मोठेपणा तेवढाच. कराडला मी पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होतो आणि त्याचं चावडी चौकात चष्म्याचं दुकान होतं. माझ्याकडे लोक काम अडलं की यायचे, त्याच्याकडे काम नसलं तरी येऊन बसायचे. सासूबाई मला वाढताना "अजून हवं का?" म्हणून विचारायच्या आणि त्याला न विचारता वाढायच्या. पंचवीस वर्षं मी हे ताटावर बसून पाहिलं आहे.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालच्या सप्टेंबरातली, कंपनीच्या वार्षिक सभेच्या दिवसाची. कंपनीचं नाव सिंधुगर्भ ऑइल एक्स्प्लोरेशन. समुद्राच्या तळाशी तेल शोधणार, देशाचं नशीब पालटणार, असं छापलेलं एक चकचकीत पुस्तक त्याच्या चार वर्षं आधी आमच्या कचेरीत आलं होतं. ते आधी वाचलं मी. शेअर आधी घेतले मी. भालचंद्रला सांगितलंही मीच, आणि त्यानं दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. पुढं चार वर्षांत कंपनीनं तीन विहिरी खोदल्या. तिन्ही कोरड्या निघाल्या, असं दरवर्षी पोस्टानं कळत गेलं. शेअरचा भाव चहाच्या कपाच्या खाली आला. निर्मळे गुरुजींनी निवृत्तीचे निम्मे पैसे घातले होते. सरकारी दवाखान्यातल्या मालतीबाई सिस्टरांनी तर सगळेच. मी सहाशे शेअर घेतले होते, सुलभाला न विचारता.

पहिली विहीर कोरडी निघाली तेव्हाच आम्ही मंडळ काढलं होतं. सिंधुगर्भ भागधारक मंडळ, कराड. कल्पना माझी, नियमावली माझी, इतिवृत्त माझ्या अक्षरात. पहिल्या बैठकीला निर्मळे गुरुजी उठले आणि म्हणाले, "अध्यक्ष म्हणून मी भालचंद्ररावांचं नाव सुचवतो." लगेच टाळ्या. मला सचिव केलं. मी त्या टाळ्यासुद्धा इतिवृत्तात नोंदवल्या, ती माझी सवय. घरी सुलभा म्हणाली, "बरं झालं. भालचंद्रभावजी नीट बोलतात." मी त्या दिवशी आमटीत मीठ नाही म्हणून वाटी बाजूला सारली. मीठ होतं.

सत्त्याण्णवला सभेची नोटीस आली ती वाचून आम्ही सगळेच हादरलो. कंपनी तिसऱ्या विहिरीचा समुद्रातला पट्टा दुसऱ्या एका कंपनीला देऊन टाकणार होती, जवळजवळ फुकट. ती दुसरी कंपनी चेअरमनच्या जावयाची. कोरडी विहीर कशाला सांभाळायची, असं कारण लिहिलं होतं. सभेत तीन चतुर्थांश मतं पडली की ठराव पास.

आणि भालचंद्रचं नशीब बघा. त्याच आठवड्यात रिगवर काम केलेला एक भूगर्भतज्ज्ञ त्याच्या दुकानात चष्मा करायला आला. बोलता बोलता निघालं की विहीर कोरडी नव्हतीच. चौदा फेब्रुवारीला चाचणी झाली होती आणि तेल लागलं होतं. त्या माणसानं अहवालाच्या एका पानाची प्रत आणून दिली. माझ्याकडे सव्वीस वर्षांच्या नोकरीत कधी कुणी असा कागद आणून दिला नाही. भालचंद्रला नंबर तपासता तपासता मिळाला.

त्यानं एका वहीच्या पानावर तीन ओळींचा प्रश्न लिहून काढला. विहीर क्रमांक तीनच्या चौदा फेब्रुवारीच्या चाचणीत तेल लागलं की नाही? लागलं असेल तर भागधारकांना कोरडी म्हणून का कळवलं? आणि तोच पट्टा आपल्या जावयाला का देता?

"बस," तो म्हणाला. "एवढंच विचारायचं. वर भाषण नको."

आम्ही वीसजण भाड्याच्या टेम्पो ट्रॅव्हलरनं पुण्याला आलो. सभागृहाच्या पायऱ्यांवर एक उंच, सुटातले गृहस्थ चष्म्याची निसटलेली काडी हातात धरून उभे होते. भालचंद्रच्या खिशात नेहमी छोटा स्क्रू-ड्रायव्हर असायचा. त्यानं न विचारता चष्मा घेतला, तिथंच पायरीवर बसला आणि स्क्रू बसवून दिला. ते गृहस्थ निघाले राजवाडे, एका सरकारी वित्तसंस्थेचे प्रतिनिधी. कंपनीतले वीस टक्के शेअर त्यांच्या संस्थेचे होते. भालचंद्रनं त्यांना आपला कागद दाखवला. त्यांनी तो दुरुस्त चष्मा लावून दोनदा वाचला.

"मला स्वतः प्रश्न विचारायची परवानगी नाही," ते हळूच म्हणाले. "पण हा प्रश्न सभेत कुणी रेकॉर्डवर विचारला आणि चेअरमनना उत्तर देता आलं नाही, तर विरोधात मत द्यायला मला कारण मिळेल. माझं मत विरोधात गेलं की ठराव पडला."

मी शेजारीच उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जाताना भालचंद्रचा हात हातात घेऊन हलवला. निर्मळे गुरुजींचे डोळे भरून आले. मालतीबाई म्हणाल्या, "भालचंद्रराव, तुम्ही आमच्यासाठी देवासारखे आलात." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. कंपनी मी शोधली, मंडळ मी काढलं, आणि देव हा.

आता एक गोष्ट सांगतो. मंडळात ती माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आली नव्हती.

भालचंद्रच्या नावावर सिंधुगर्भचा एकही शेअर नव्हता. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला सोन्याच्या माळेऐवजी त्यानं सगळे शेअर वैजूच्या नावावर घेतले होते. सुलभानं ते मला वर्षभर ऐकवलं होतं. वैजूला प्रवास सोसत नाही म्हणून ती आली नव्हती. तिच्या वतीनं तो प्रॉक्सी म्हणून आला होता आणि तो प्रॉक्सीचा फॉर्म, मंडळाचा सचिव या नात्यानं, मीच भरून वेळेत पाठवला होता. नोटिशीच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: प्रॉक्सीला मत देता येईल, सभेत बोलता येणार नाही. बारीक अक्षर वाचणं हाच माझा धंदा. पंधरा दिवस आधी मी त्या ओळीखाली तांबड्या पेन्सिलीनं रेघ मारली होती.

सांगू, उद्या सांगू, असं मी स्वतःला म्हणत राहिलो. पंधरा उद्या गेले.

सभागृह भरलं होतं. मंचावर चेअरमन, त्यांचे संचालक आणि कंपनी सेक्रेटरी. चेअरमन गोरे, गुबगुबीत, सारखे हसणारे. त्यांनी सुरुवातीलाच जाहीर केलं की वेळ कमी आहे, एका गावातून एकच वक्ता, प्रत्येकाला तीन मिनिटं, घंटा वाजली की माइक बंद. एकूण सहा वक्ते आणि कराडचा नंबर शेवटचा. पहिल्या पाच जणांतले तीन कंपनीच्या लाभांशावर कविता केल्यासारखे बोलले, लाभांश एकदाही मिळालेला नसताना. मालतीबाईंनी वैतागून कपाळावर हात मारला.

मी भालचंद्रच्या दोन रांगा मागे होतो. त्याच्या मानेकडे बघत होतो. शेजारचे लोक वाकून त्याच्याशी बोलत होते, साताऱ्याच्या मंडळाचे लोक येऊन ओळख करून घेत होते. थोड्या वेळानं हा उठणार, तीन ओळी वाचणार, ठराव पडणार. मग परतीच्या गाडीत सगळा वेळ हाच. कराडात हाच. सासूबाईंच्या घरी पुरणपोळी न विचारता ह्याच्या पानात. जन्मभर.

माझे सहाशे शेअर त्यात वाचणार होते, हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण पोटात असं काही पेटलं होतं की त्यापुढं सहाशे शेअर मला थोडे वाटले.

मी खिसे चाचपले. कागद नव्हता. सभेत वाटलेल्या कंपनीच्या वार्षिक अहवालाची पानं इतकी गुळगुळीत की पेन उमटेना. मग मी ते गुलाबी कूपन काढलं, पालथं केलं आणि मांडीवर ठेवून लिहिलं: "कराडचे वक्ते हे स्वतः भागधारक नसून प्रॉक्सी आहेत. नियम पाहावा." खाली सही केली नाही. स्वयंसेवक शेजारून चालला होता, त्याच्या हातात दिलं. "सेक्रेटरीसाहेबांना," म्हणालो.

ते गुलाबी कूपन मंचाकडे जाताना मी पाहत होतो. परत मागवावं असं एकदा वाटलं. मी हाक मारली नाही.

"कराड," सेक्रेटरींनी पुकारलं. भालचंद्र उठला, माइकपाशी गेला आणि वहीचं पान उलगडू लागला. तेवढ्यात सेक्रेटरींनी कूपन वाचून चेअरमनच्या पुढं सरकवलं. चेअरमनचं हसू आणखी रुंद झालं.

"आपण स्वतः भागधारक आहात का?" त्यांनी विचारलं.

"माझी पत्नी आहे. मी तिचा प्रॉक्सी."

"मग मला फार वाईट वाटतं, पण प्रॉक्सीला बोलता येत नाही. कायदा आहे. आमच्याकडे तशी लेखी सूचना आली आहे."

सभागृहात गलका झाला. निर्मळे गुरुजी उठून "हा अन्याय आहे" म्हणाले. भालचंद्र शांतपणे मंचाजवळ गेला. "सूचना पाहू का?" सेक्रेटरींनी कूपन पुढं केलं. त्यानं चष्मा कपाळावर चढवून ते जवळून पाहिलं, पालथं करून पुढची बाजू पाहिली आणि खिशात टाकलं. सेक्रेटरींनी ते परत मागितलं नाही, त्यांचं काम झालं होतं.

"कराडला बदली वक्ता देता येईल," चेअरमन उदारपणे म्हणाले. "लवकर करा."

भालचंद्र वळला. आमचे वीस लोक तीन रांगांत बसले होते. गुरुजी हात वर करून उभेच होते. त्यांना वर्गात बोलायची चाळीस वर्षांची सवय. मालतीबाई होत्या, त्यांचा आवाज तर वॉर्डच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचा. भालचंद्र त्या सगळ्यांना ओलांडून माझ्यापाशी आला. वहीचं पान माझ्या हातात ठेवलं.

"मधुराव, तुम्ही विचारा. तीनच ओळी आहेत."

मला वाटलं, सुटलो. ह्याला काही कळलेलं नाही. आणि त्याच्या पाठोपाठ लगेच, खरं सांगतो, आनंद झाला. सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं. मी कोट नीट केला आणि माइकपाशी गेलो.

"सन्माननीय चेअरमनसाहेब," मी सुरुवात केली. "मी मधुसूदन खटावकर. कराडच्या भागधारक मंडळाचा संस्थापक सचिव." संस्थापक या शब्दावर मी जरा थांबलो. "आमच्या भागात आपल्या कंपनीची माहिती सर्वप्रथम मी दिली, हे मला नम्रपणे सांगावंसं वाटतं."

"वा," चेअरमन म्हणाले आणि कागदावर काहीतरी टिपून घेतलं. माझं नाव असावं असं मला वाटलं.

मग मी थांबेना. मंडळाची नियमावली कुणी लिहिली, चार वर्षांत किती पत्रं कुणी पाठवली, कुणाचं नाव पुढं आलं आणि काम कुणी केलं, सगळं बोललो. चेअरमन मान हलवत होते. "आपण फार मुद्देसूद बोलता," ते मध्येच म्हणाले, आणि मी त्यांचे आभार मानले. सभेत त्यांचे आभार मानले. त्यात किती वेळ गेला कोण जाणे. मागून गुरुजींचा आवाज आला, "खटावकर, प्रश्न! प्रश्न विचारा!" मला तो आवाज हेव्याचा वाटला.

पहिली घंटा झाली. मी वहीचं पान उलगडलं. घामानं ते घडीवर चिकटलं होतं.

"विहीर क्रमांक तीन," मी वाचलं. "चौदा फेब्रुवारी रोजी..."

दुसरी घंटा झाली आणि माइक बंद पडला. मी पुढं ओरडून वाचायला हवं होतं. मी पानाची घडी घातली. सव्वीस वर्षं वेळेचे नियम पाळलेला माणूस मी, घंटा झाली की गप्प होणं अंगात भिनलेलं.

"आपला प्रश्न लेखी द्या," चेअरमन म्हणाले. "उत्तर पोस्टानं पाठवू. आता मतदान."

पहिल्या रांगेत राजवाडे बसले होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग चष्मा काढून पुसला आणि मतपत्रिकेवर खूण केली. आमचे लोक ओरडत होते, पण मतपत्रिका गोळा होऊन गेल्या. अर्ध्या तासानं निकाल सांगितला. तीन चतुर्थांशाहून थोडी जास्त मतं, ठराव पास. समुद्रातला तो पट्टा जावयाकडे गेला. पुढं दोन वर्षांनी जावयाच्या कंपनीला तिथं तेल लागल्याची बातमी आली. आमच्या शेअरांचे कागद घरोघरी ट्रंकांत पडून राहिले.

मालतीबाई खुर्चीवर बसूनच होत्या, पदर तोंडाला लावून. गुरुजी त्यांना म्हणाले, "चला, काहीतरी खाऊन घ्या. गाडीत त्रास होईल." लोक उठून बाहेरच्या रांगेत उभे राहिले, कारण दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं. मीही त्यांच्यामागं गेलो. माणूस रांगेत उभा राहतो, सवयीनं.

माझा नंबर आला. टेबलावर पुठ्ठ्याच्या खोक्यांची थप्पी होती, वडा, शिरा आणि एक केळं.

"कूपन?" वाटणाऱ्यानं विचारलं.

मी खिशात हात घातला. आणि हात तिथंच राहिला.

"कूपनाशिवाय नाही मिळत, काका."

मागं मालतीबाई होत्या. त्यांच्यामागं गुरुजी. "अहो, सकाळी तर होतं तुमच्याकडे," गुरुजी म्हणाले. "मी पाहिलं की. गेलं कुठं?"

मी कोटाचे खिसे चाचपले, शर्टाचा चाचपला, पुन्हा कोटाचे. काय शोधतोय हे मला माहीत होतं आणि ते कुठं आहे तेही माहीत होतं. मी वर बघेना.

"माझ्याकडे दिलं होतं त्यांनी," कुणीतरी म्हणालं.

भालचंद्र रांगेच्या बाजूनं पुढं आला. त्यानं सदऱ्याच्या खिशातून गुलाबी कूपन काढलं आणि माझ्या हातात ठेवलं, शिक्क्याची बाजू वर करून. लिहिलेली बाजू खाली होती, माझ्या तळहाताला लागून. गुरुजींना दिसली नाही. मालतीबाईंना दिसली नाही.

मंडळाचं आजवरचं इतिवृत्त त्यानं वाचलं होतं, सगळं माझ्या अक्षरातलं. मंचापाशी चष्मा कपाळावर चढवला तेव्हाच त्यानं अक्षर ओळखलं होतं. ओळखून, खिशात टाकून, मग तो वीस माणसं ओलांडून माझ्याकडे आला होता. पान मला दिलं होतं.

का दिलं, हे मी त्याला आजवर विचारलेलं नाही. तो अजून आहे, दिवाळीला येतो, मला मधुरावच म्हणतो. त्यानं वैजूलाही सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर सुलभानं मला ऐकवलं असतं. मी मात्र त्याच्यासमोर बसलो की अजून त्याच्या पानातच बघतो, त्याला काय वाढलं ते.

वाटणाऱ्यानं कूपन घेतलं, न बघता डब्यात टाकलं आणि खोका दिला. मी तो घेऊन बाजूला झालो. कुठं जावं ते सुचेना. बाहेर पायरीवर, सकाळी जिथं त्यानं राजवाड्यांचा चष्मा दुरुस्त केला होता तिथंच, भालचंद्र येऊन माझ्याशेजारी बसला. त्यानं हात पुढं केला.

"द्या, मधुराव," तो म्हणाला. "अर्धा वडा कबूल केला होतात."